रविवारच्या कॉलवरचा सोफा

वेरिबी, मेलबर्न, ७ मार्च २०२१

चि. सलिल यास,
अ. उ. आ.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपल्या सगळ्या कुटुंबाचा मेळावा ठरवलाय. ग्लेन वेव्हर्लीहून विमलआत्या, तिची मुलं, नातवंडं, सगळे पार्कमध्ये जमायचे. बाबा भारतातून तीन महिन्यांसाठी आले आणि लॉकडाऊनमुळे वर्षभर इथेच अडकलेत. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तुला आणि रुचाला एका सोफ्यावर बघतात, तेवढाच त्यांचा विरंगुळा. आता राज्यांमधली बॉर्डर उघडलीय, तेव्हा हॉस्पिटलच्या शिफ्टचं कारण चालणार नाही. पुरणपोळ्या सुनेच्याच हातच्या हव्यात, असं बाबांचं म्हणणं आहे. तुझ्याकडे बार्बेक्यू, तोही माझ्या देखरेखीखाली.

लोभ आहेच, तो घेऊन दोघं या.
तुझी ताई,
चित्रलेखा

डार्विन, १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबा शेजारी असतात, म्हणून लिहितोय. मी येईन, पण एकटा. रुचा आणि मी गेल्या जुलैपासून वेगळे राहतो. भांडण झालं नाही. मी सतत हॉस्पिटलमध्ये, ती घरात एकटी. पुढे घरी आलो तरी बोलायला काही उरेना. तेव्हा तुम्ही मेलबर्नमध्ये घरात कोंडलेले, त्यात हे कसं सांगायचं? मग दर रविवारी ती तिच्या फ्लॅटवरून यायची, कॉलपुरती माझ्याजवळ बसायची आणि निघून जायची. कल्पना तिचीच. बाबांना तू सांग. मला जमत नाही.

चिडलीस तरी माया कमी करू नकोस.
सलिल

वेरिबी, २ एप्रिल

चि. सलिल यास,
अ. आ.

पत्र ऑफिसच्या पार्किंगमध्येच उघडलं आणि गाडी सुरू न करता तिथेच दोनदा वाचलं. गेल्या रविवारीच रुचा तुझ्या खांद्याला टेकून हसत होती. मी कोणाला बघत होते, तेच कळेनासं झालंय.

आधी तिला फोन केला. मेळाव्याला यायला आवडेल, पण आता नाटक करणार नाही, म्हणाली. मग बाबांना सांगितलं. चहाचा कप त्यांनी बाजूला ठेवला. म्हणाले की इतके महिने ती पोर माझ्यासाठी येत होती आणि मी तिला कामं सांगत बसलो. संध्याकाळी त्यांनी स्वतः तिला फोन लावला. सून म्हणून नको, नुसती ये, असं म्हणाले. ती येतेय.

फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, की मग सलिल रोज जेवतो कुठे? ते तू त्यांना सांग, हे पत्र मिळताच.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई