वर जाणारा जिना

सोमवार, ५ ऑगस्ट

आज अल्तामार मॉलमध्ये कामाला लागलो. बाराच दिवसांचं काम आहे, पण रोज लिहून ठेवणार. पुढे हा जिना ज्याच्या हाती येईल त्याला कळायला हवं की कुणी काय केलं. मी नेरियो बोस्कान, वय चोपन्न. लिफ्ट आणि सरकते जिने दुरुस्त करतो. कॉलेजची पायरी चढलेलो नाही. एकोणिसाव्या वर्षी एका हॉटेलची बंद पडलेली लिफ्ट स्क्रू-स्क्रू सुटी केली आणि परत जोडली, तीच माझी शाळा. तेव्हापासून मराकाइबो शहरातल्या डिग्रीवाल्यांनी सोडून दिलेली बरीच यंत्रं मी चालती केली आहेत.

तरुणपणी याच मॉलच्या दारातून मला परत पाठवलं होतं. अंगावर कामाचे कपडे होते म्हणून मालाच्या दाराने जा म्हणाले. तेव्हा तेलकंपन्यांतल्या साहेबांच्या बायका ड्रायव्हर घेऊन यायच्या आणि शनिवारी खाली पियानो वाजायचा. आज मी पुढच्या दाराने आलो, मुद्दाम सावकाश.

खालच्या मजल्यावर आता तीन दुकानं उरली आहेत. एक परदेशी डबाबंद खाण्याचं, एक फोन दुरुस्तीचं, एक जुन्या कपड्यांचं. वस्तीत बारा-बारा तास वीज नसते, आणि इथे मॉलचा स्वतःचा जनरेटर आहे. म्हणून लोक गारव्याला येतात. कोरड्या कारंज्याच्या कडेवर म्हातारे डॉमिनो खेळतात, बायका एक्स्टेन्शन बोर्ड घरून आणून फोन चार्ज करतात. विकत कुणी काही घेत नाही. पूर्वी असल्यांना दारातच अडवलं असतं.

दारावर एव्हेन्सिओ नावाचा रखवालदार आहे, भला आणि बडबड्या. त्याने माझं ओळखपत्र मागून घेतलं. म्हणाला, उस्ताद, इथली रीत आहे, पत्र वर बाईंकडे राहतं आणि काम संपलं की मिळतं. तुम्ही पळून जाण्याइतके तरुण दिसत नाही, पण रीत ती रीत.

बाई म्हणजे व्यवस्थापक आल्सिरा; सगळे मानाने दोन्या आल्सिरा म्हणतात. त्यांची खोली वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. बंद पडलेला सरकता जिना पायांनी चढून भेटलो. रेशमी स्कार्फ, मोत्यांच्या कुड्या, गोड बोलणं.

शनिवारी सतराला पहाटे चुलतभावाच्या गाडीतून सीमेकडे निघायचं आहे. माझी मुलगी मारियेलिस तिकडे कोलंबियात, वायेदुपारला असते. वीस तारखेला तिचं सिझेरियन आहे. नवरा सोडून गेला, तिच्यापाशी कुणी नाही. तिला शब्द दिलाय की बाळ पहिल्यांदा मीच हातात घेणार.

मंगळवार, ६ ऑगस्ट

पाहणी केली. दोन सरकते जिने आहेत, एक चढता, एक उतरता, दोन्ही बंद. प्रत्येकाला शहात्तर पायऱ्या, त्यातल्या एका वेळी अडतीस दिसतात. चढत्याच्या एकोणीस पायऱ्या मोडल्या आहेत आणि साखळी ताणली गेली आहे. संकटकाळचे दोन्ही जिने वेल्डिंगने बंद केलेत, तारा चोरणारे तिथून यायचे म्हणून. लिफ्टची नुसती विहीर आहे. हे बरोबर नाही असं मी बाईंना स्पष्ट सांगितलं.

नवे भाग कुठून आणणार. आमच्याकडे दोन बंद बसमधून एक चालू करतात, तसंच इथे. फक्त कुठला जिना जगवायचा आणि कुठला मारायचा हा प्रश्न. मी म्हणालो, उतरता जगवा. माणूस पडतो तो उतरताना. बाई हसल्या. म्हणाल्या, गिऱ्हाईक वर आलं पाहिजे, उतरायचं ज्याचं तो बघेल.

माझं मत नोंदवून ठेवतो. पण काम त्यांचं. दुपारी भाग काढायला उतरता जिना उघडला.

गुरुवार, ८ ऑगस्ट

साडेअकराला चढता जिना चालू झाला. कुरकुर नाही, धक्का नाही. डॉमिनोवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला लिहू, छाती फुगली.

योलेइदाने मांदोका, म्हणजे मक्याच्या पिठाच्या तळलेल्या कड्या, आणून दिल्या, गरम आणि गोड. ही बाई रोज रबरी चपला फटफटवत येते आणि गल्लीतल्या तीन घरांचे फोन चार्ज करून नेते. म्हणाली, उस्ताद, जिना तुमच्यापेक्षा कमी कुरकुरतो हं. मी म्हटलं, त्याला तुझ्यासारखी शेजारीण नाही. ती इतकी हसली की एव्हेन्सिओ बघायला आला.

उतरत्या जिन्याचा आता नुसता सांगाडा उरलाय. मी कठड्याच्या दांड्यांना दोर बांधून तो बंद केला. संध्याकाळी सहाला चढता थांबवायचा, म्हणजे वर गेलेल्यांना त्यावरूनच चालत उतरता येईल. ही सोय माझीच.

शनिवार, १० ऑगस्ट

जुनी गिऱ्हाइकं परत आली आहेत. आज वरच्या कठड्याशी सात-आठ जण मोजले. लिननचे कपडे, पॉलिशचे बूट, हातात जाड कागदाच्या पिशव्या. एका पिशवीवर ज्या चपलांच्या दुकानाचं नाव होतं ते बंद होऊन नऊ वर्षं झाली. साठा शिल्लक असेल.

जिना चालला की धंदा येतो, हे मी बाईंना सांगितलंच होतं.

सोमवार, १२ ऑगस्ट

एव्हेन्सिओने विचारलं, उस्ताद, ती वरची मंडळी आत येतात कुठून? दारावर तर मी असतो. मी म्हणालो, तू झोपत असशील. तो म्हणाला, झोपतो, पण उभा. आणि दुसरं सांगा, वर गेलेला कुणी उतरताना तुम्ही पाहिलात का? तो स्वतः कधी वर जात नाही. गुडघ्याचं निमित्त सांगतो, पण डॉमिनोच्या पैजेवर उड्या मारताना मी त्याला पाहिलंय.

बाई शेवटच्या कधी खाली आल्या तेही त्याला आठवत नाही.

दुपारी वरून एका बाईने योलेइदाला खूण केली आणि एक बूट उंच धरून दाखवला. योलेइदा मला म्हणाली, बघून येते, बघायला काय लागतं. फोन खालीच चार्जिंगला ठेवून गेली.

सहाला जिना थांबवला आणि तिला बघायला वर गेलो. सगळी शटरं खाली, सगळीकडे धूळ, माणूस नाही. उतरताना सवयीने पायऱ्या मोजल्या. अडतीसऐवजी चव्वेचाळीस भरल्या. परत चढून मोजल्या, चव्वेचाळीसच. माझी मोजणी चुकत नाही.

मंगळवार, १३ ऑगस्ट

तिचे तिन्ही फोन सकाळपासून फरशीवर वाजताहेत.

अकराच्या सुमारास ती वरच्या कठड्याशी दिसली. केस सेट केलेले, कानात मोती, हातात पिशवी. मी हाक मारली. तिने खाली पाहिलं, जसं कुणी सांडलेल्या पाण्याकडे पाहतं तसं. म्हणाली, ए, हा हात धरायचा पट्टा पुसत नाहीस का रे? हात काळे होतात.

योलेइदा मला कधी अरे म्हणालेली नाही. एव्हेन्सिओनेही ऐकलं. आज त्याने एकही विनोद केला नाही.

लोक मात्र वर जाताहेत. कपड्यांच्या दुकानातला एक गेला, डॉमिनोवाल्यांतले दोघे गेले. वर गार आहे म्हणतात.

बुधवार, १४ ऑगस्ट

हा जिना मी चालू केला, मीच थांबवणार. पायऱ्या काढून उतरत्याला परत बसवायच्या असं ठरवलं. आठला बटण दाबलं, थांबला नाही. मुख्य फ्यूज काढला. चालूच. जनरेटर बंद करवला. सगळा मॉल अंधारला, एसी थांबला, लोक घामाने उठून बाहेर गेले. आणि तो वर चाललाय. शांत, तेलपाणी केलेला, मी केला तसाच.

हे लिहिताना फ्यूज माझ्या खिशात आहे. हात लावून पाहिला. आहे.

गुरुवार, १५ ऑगस्ट

एव्हेन्सिओ म्हणतो, उस्ताद, आत्ताच्या आत्ता घरी जा, ते पत्र गेलं खड्ड्यात. त्याला सोपं आहे. ओळखपत्राशिवाय सीमेवरून परत पाठवतात, आणि नवं मिळायला महिने. बाळ मंगळवारी.

खालून ओरडून बाईंकडे मागितलं. त्या कठड्याशी आल्या, पत्र दोन बोटांत धरलेलं. वर या, म्हणाल्या, काम पूर्ण झाल्याची सही करा आणि घेऊन जा.

वीस मीटर दोर घेतलाय. वर जायचं, सही, पत्र, आणि उतरत्याच्या सांगाड्यातून दोराने खाली. तो सांगाडा मला पाठ आहे. पाच मिनिटांचं काम. दोराचं दुसरं टोक एव्हेन्सिओ खाली धरेल.

शुक्रवार, १६ ऑगस्ट, सकाळी

वर आहे.

दिवे लागलेत. शटरं उघडी. पियानो वाजतोय, आज शनिवार नाही तरी. बाईंनी पत्र लगेच दिलं, काही खळखळ नाही. सगळे बाजूला होऊन वाट देत होते. इंजिनिअर साहेब, म्हणत होते. पस्तीस वर्षांत मला कुणी असं म्हटलेलं नाही. बरं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण वाटलं.

उतरता जिना नाही. जिथे खड्डा हवा तिथे फरशी आहे. संगमरवर, सांधा नाही, पॉलिश केलेलं. त्या पायऱ्या मी माझ्या हातांनी — मी कठडा मापला, दांड्या मोजल्या. जागा तीच. कठड्यालाच दोर बांधला, तीनदा; तीनदा गाठ आपोआप सुटली.

दुपार

चढत्या जिन्यावरून उलटा उतरतोय. दोनशे बारा पायऱ्या मोजल्या, मग सोडलं. खाली एव्हेन्सिओ दिसतो. दोर धरून उभा आहे, हात हलवतो, काहीतरी ओरडतो. जेवढं अंतर होतं तेवढंच आहे.

थांबलं की वर नेतो. म्हणून चालताना लिहितोय.

पाच वाजता

परत वर. पाय दुखत नाहीत. माझे बूट — हे माझे नाहीत. मऊ आहेत.

पत्र खिशात आहे. उद्या पहाटे निघायचं. उद्या पहाटे चुलतभाऊ. वायेदुपार. मारियेलिस. लिहून ठेवलं म्हणजे —

एव्हेन्सिओ दार लावतोय. मी हाक मारली. त्याने वर पाहिलं आणि टोपी काढली. जसं साहेबांसाठी काढतात.

नंतर

फार गार आहे इथे. छान आहे.

हातात पिशवी आहे. कधी घेतली ते — उघडली. आत लोकरीचे दोन मोजे, अंगठ्याएवढे, पिवळे. योलेइदाबाई म्हणाल्या, निवड सुरेख आहे, इंजिनिअर साहेब, बाळाला शोभतील.

मी विचारलं, कुणाच्या बाळाला. त्या हसल्या आणि मी पण, आणि मग मी —