फूटपाथला दहा गुण

४ मार्च, मंगळवार

परदेशाहून परत येऊन तीन दिवस झाले, बॅगा अजून दारातच. तिथल्या दवाखान्याचं पत्र मात्र आमच्या आधी घरी येऊन बसलंय. नोकरी पक्की! एकतीस तारखेपर्यंत हो की नाही ते कळवा, म्हणे. हो म्हटलं तर जूनपासून कायमचं तिकडे — मी, लेक आणि घड्याळजी. (नवरा. घड्याळं दुरुस्त करतो म्हणून या वहीत लग्नापासून त्याचं हेच नाव.)

पत्रात खाली बारीक अक्षरात: पहिली दोन वर्षं मदतनीस म्हणून काम करावं लागेल. सतरा वर्षं लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढतेय मी. आता कुणीतरी पंचवीस वर्षांची पोरगी मागे उभी राहून बघणार, बाईंना काच सरळ धरता येते का!

५ मार्च, बुधवार

कपाटाच्या दारावर मोठा कागद चिकटवला. एकीकडे 'इथे', एकीकडे 'तिथे'. घड्याळजी म्हणाला, आधी कुठल्या गोष्टीला किती महत्त्व ते ठरवू. प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे.

मी दवाखान्याला नऊ दिले. शाळेला आठ. माझी आई दोन गल्ल्या सोडून राहते, त्याला सात — कमी दिले, उगाच भावनेच्या भरात नको म्हणून. लेकीने एकच शब्द लिहिला, 'मैत्रीण', आणि पुढे शंभर. दहाच्या वर जायचं नाही म्हटलं, तर म्हणाली मग दहा वेळा लिहिते. अकरा वर्षांची आहे, जीभ चाळिशीची.

आणि घड्याळजीने लिहिलं — फूटपाथ. दहा!

मला वाटलं थट्टा करतोय. तोंडावर हसू म्हणून नाही.

६ मार्च, गुरुवार

तिथे आठ दिवस मी मुलाखती देत फिरत होते तेव्हा हा दिवसभर रस्ते तुडवत होता. आज त्याची छोटी वही चाळली. घरभाड्याचा एक शब्द नाही. भाजी, हवा, लोक कसे आहेत, काही नाही. फक्त हे: पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी. सिग्नल हिरवा झाला की टिकटिक वाजतो. बसमध्ये पुढचा थांबा बोलून सांगतात. फूटपाथच्या मधोमध खांब नाही, गाडी नाही, फळी टाकून झाकलेला खड्डा नाही.

माणूस परदेश बघून येतो आणि खांब मोजतो. काय म्हणावं!

८ मार्च, शनिवार

आज आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही. कारण: फूटपाथ.

९ मार्च, रविवार

बोललो. म्हणजे भांडलो.

मी म्हटलं, तिथे डॉक्टर भेटायला दीड महिना लागतो, इथे संध्याकाळी चपला घालून निघालं की झालं. सहाला दुकानं बंद. शेजारच्या बाईने आठ दिवसांत एकदा मान हलवली, तीही कुत्र्याने ओढलं म्हणून असेल. आणि मी मदतनीस! तो सगळ्याला हो म्हणाला. मग म्हणाला, तू म्हणशील तिथे राहू, पण फूटपाथचे गुण मी कमी करणार नाही. एवढं बोलून उठला आणि उठताना कोपराने माझा कप पाडला. या महिन्यातला तिसरा. जन्माचा धांदरट आहे.

त्याला चालायचं वेड लागलंय हे खरं. आठ महिन्यांपूर्वी स्कूटर विकून टाकली. तब्येतीसाठी, म्हणाला. मी सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटले होते.

आईकडे गेले तर ती म्हणाली, जा नाहीतर राहा, मला मध्ये घालू नका. माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही.

१२ मार्च, बुधवार

दिवसभर माझं एकच वाक्य: ही काच बरी की ही? लोक शेवटी वैतागतात, दोन्ही सारख्याच म्हणतात. तसं म्हणाले की समजायचं, नंबर सापडला. घरी मात्र कुणाला काही सारखं वाटायला तयार नाही.

आमच्या चष्म्याच्या दुकानात नवीन मशीन आलंय, पंधरा दिवस वापरून बघायला. बाजूची नजर मोजतं. समोरच्या ठिपक्याकडे बघत बसायचं, आजूबाजूला बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. मालक म्हणाले, आधी घरच्या पाच माणसांवर हात बसवा. मालक, मी, आई, लॅबमधला पोऱ्या. पाचवा घड्याळजी. त्याला म्हटलं तर हातात काम आहे म्हणाला.

१४ मार्च, शुक्रवार

आजही काम आहे म्हणे. एका घड्याळाचं इतकं कुठलं अडलंय!

१५ मार्च, शनिवार

ओढून नेला. बसला बिचारा निमूट. मशीन बिघडलंय. मधले दिवे तेवढे लागतात, कडेचे लागतच नाहीत. मशीनवाल्याला फोन करून चांगलं झापलं — असली भंगारं आमच्या गळ्यात मारता का म्हणून. घड्याळजी शेजारी उभा होता. 

१७ मार्च, सोमवार

मशीनवाला आला. स्वतः बसून दाखवलं. मला बसवलं. कडेचे सगळे दिवे लागत होते. मशीन ठणठणीत आहे. पेशंट नीट बसला होता ना, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तो पेशंट नाही, माझा नवरा आहे.

घरी आले. तो खिडकीशी, डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडत होता. मी विचारलं, "केव्हापासून?"

कशाबद्दल म्हणून त्याने विचारलं नाही. भिंग काढलं. "नक्की कळलं ते आठ महिन्यांपूर्वी."

१८ मार्च, मंगळवार

दरवर्षी मीच त्याला खुर्चीत बसवते. तक्त्यातली शेवटची ओळ तो धडाधड वाचतो. मी म्हणते, वा, काय डोळे आहेत! तिळापेक्षा लहान स्क्रू त्याला नुसता दिसतो. समोरचं सगळं दिसतं. आणि मी सतरा वर्षं त्याला फक्त समोरचंच विचारत आले. कप पडले की धांदरट म्हणत आले. मला माझी लाज वाटते.

१९ मार्च, बुधवार

मोठ्या दवाखान्यात दोघं गेलो. त्याची फाईल आधीपासून होती. दुकानाच्या खणात, घड्याळांच्या पट्ट्यांखाली ठेवत होता. डॉक्टरांनी सरळ सांगितलं: नजर कडेकडून मिटत येईल, सावकाश. आज तरी औषध नाही. मधलं दहा वर्षं टिकेल, कदाचित पंधरा.

घरात आणखी कुणाला, असं त्यांनी विचारलं. दोघांनाही एकदमच सासूबाई आठवल्या. अंधार पडला की त्या घराबाहेर पाऊल टाकत नसत. कुणी आग्रह केला तर चिडायच्या. आम्ही सगळे त्यांना घाबरट म्हणायचो. डॉक्टर म्हणाले, हे असं घराण्यातून उतरतं.

पुढचं मी विचारलं नाही. माझं शिक्षण याचंच झालंय.

२० मार्च, गुरुवार

आधी रडले, मग भांडले. आठ महिने! रोज एका ताटाला बसतो आपण, आणि फाईल खणात? मी काय भिंग आहे का, काम झालं की डबीत ठेवायला?

 तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी गेली असतीस. मनाविरुद्ध, मदतनीस होऊन. मला वाटत होतं, तुला तो फूटपाथच आवडावा."

हसू आलं मला. रडता रडता हसले. या माणसाशी धड भांडताही येत नाही.

२३ मार्च, रविवार

दुकानातून नंबर काढायची फ्रेम घरी आणली. दोन्ही डोळ्यांवर काळा कागद लावला, मध्ये भोक ठेवलं, आणि घर ते त्याचं दुकान चालून बघितलं. दहा मिनिटांचा रस्ता, सव्वीस मिनिटं लागली. फाटकाच्या साखळीत पाय अडकला. उभ्या मोटारसायकलचा आरसा कमरेत बसला. भाजीवाली म्हणाली, ताई, डोळे आलेत का?

मग त्याला म्हटलं, आता तू चाल. मी मागून. तो गेला की सरळ! खांबाला वळसा, गटाराच्या फळीवर बरोबर पाऊल. शिंपी आतूनच ओरडला, डावीकडे खोदलंय हो. चहावाल्याने बाक आत ओढलं. यांना सगळ्यांना माहीत होतं! मलाच तेवढं नव्हतं.

रागही आला, आणि त्या चहावाल्याच्या पाया पडावंसंही वाटलं.

२७ मार्च, गुरुवार

घड्याळजीने आज कागदावरचे आपले दहा स्वतःच्या हाताने खोडून चार केले. मी का म्हणून विचारलं.

"इथलं मला पाठ आहे," तो म्हणाला. "तिथे सगळं नव्याने पाठ करायचं. तोवर बघायला उरेल किती?"

 खरं लिहायचं तर याचं उत्तर मी शोधलंच नाही. बरं वाटलं मला. आई दोन गल्ल्यांवर राहील, माझी खुर्ची माझीच राहील. विचार करायचं काही उरलं नाही. राहायचं ठरलं.

लेकीला सांगितलं तर घरभर नाचली, मैत्रिणीला फोन करायला धावली, आणि उघड्या दाराची कड खांद्यात बसली. बापासारखीच, म्हणालो. हसलो सगळे.

२८ मार्च, शुक्रवार

हसायला नको होतं.

२९ मार्च, शनिवार

नकाराचं पत्र लिहून झालं. चार ओळींचं आहे. सोमवारी दवाखाना उघडला की पाठवायचं.

दिवसभर लेकीकडे बघत होते. पाण्याचा तांब्या तिने शेजारी असून दोनदा चाचपला. की मलाच आता जळी स्थळी तेच दिसतंय? सुट्टीच्या वेळी पकडापकडीत तिच्यावर नेहमी राज्य येतं, ही तिची जुनी तक्रार. मी म्हणायचे, जोरात पळत जा.

३० मार्च, रविवार

सकाळी लेकीला खुर्चीवर बसवलं, माझ्या नाकाकडे बघ म्हटलं, आणि दोन्ही हात तिच्या कानांच्या रेषेत धरले. बोट हललं की सांग.

ती बघत राहिली. मग कंटाळून म्हणाली, "हलव ना गं आई."

मी हलवतच होते.

पत्र फाडलं. तिला तिथलं पाठ करायला अजून वर्षं आहेत. जूनमध्ये जातोय.