पित्ताशय दिसले नाही

४ नोव्हेंबर
पोट पुन्हा दुखून राह्यलं. मार्चमधी अकोल्याले पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन झालं, सात खडे बाटलीत घालून हाती दिले. बाटली शोकेसमधी आहे. म्हणजे आतलं काम खतम. तरी बायको पुष्पा म्हणे, सोनोग्राफी करा. बत्तीस वर्षं आरोग्य खात्यात काढली मी. सातवी शिकलेली बाई मले शिकवते.

५ नोव्हेंबर, दुपारी
केली सोनोग्राफी. डॉक्टर नवाच. रिपोर्टची पहिली ओळ : पित्ताशय दिसले नाही. एवढी मोठी मशीन अन् याले पित्ताची पिशवी सापडेना. म्हटलं, नीट पाहा. तो म्हणे, काका, नाहीच तं दिसणार कुठून. उर्मट. दुसऱ्या ओळीखाली लाल रेघ मारून दिली त्यानं. वाचली नाही. पहिल्या ओळीत नापास तो नापास.

७ नोव्हेंबर
अख्ख्या सोनाळा गावाचे रिपोर्ट माझ्याकडे वाचायले येतात. शेजारच्या शेषरावले सांगतलं, त्या डॉक्टरकडे जाऊ नको, त्याले लिव्हर सापडलं हेच नशीब. संकल्प : तीन पानी तक्रार.

९ नोव्हेंबर
खामगावले दुसरी सोनोग्राफी. तिथंही दिसली नाही. दोघं एकाच कॉलेजचे असतील. पुष्पा म्हणे, तुमचे डोळे पिवळे दिसून राह्यले. म्हटलं, उन्हानं.

१२ नोव्हेंबर
लघवी काळ्या चहासारखी. पाणी कमी पडलं असेल. तक्रारीचं दुसरं पान झालं. पुष्पा लाल रेघेवर बोट ठेवून म्हणे, इथं काय लिहिलं? म्हटलं, तुले काय समजते.

१४ नोव्हेंबर, अकोला, वॉर्ड
हुडहुडी भरून ताप. पुष्पानं गाडी करून आणलं. डॉक्टरनं आधी लाल रेघच वाचली : पित्ताची नळी फुगलेली, खडा अडकल्याची शंका, लगेच दाखवा. मी पिशवीचं विचारलं. डॉक्टर बोलायच्या आत पुष्पा म्हणे, पिशवी तं मार्चमधीच काढली, ट्रेमधी आणून मले दाखवली, खडे तिच्यातलेच. विचारलं, मले काऊन नाही सांगतलं? म्हणे, दोनदा सांगतलं. तुम्ही म्हटलं, तुले काय समजते.

२० नोव्हेंबर, घरी
नळीतला खडा दुर्बिणीनं काढला. डॉक्टर म्हणे, अजून दोन दिवस घरी राह्यले असते तं काही खरं नव्हतं. तक्रार फाडली. यापुढं रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा.
सकाळी शेषराव बायकोचा रिपोर्ट घेऊन आला. मी चष्मा लावला, हात पुढं केला. तो म्हणे, वहिनी कुठं आहेत?
पुष्पा हात पुसत आली अन् माझाच चष्मा मागतला.