पत्रं नसलेलं पुस्तक

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. खाली दवाखाना, वर घर. जिन्यातून हाक मारली की काम भागायचं. आज लिहायला बसलेय, कारण उद्या सकाळी मेडिकल कॉलेजचा टेम्पो तुमची पुस्तकं न्यायला येतोय. आपली बिल्डिंग पाडायची ठरलीय. मी खांदा कॉलनीत भाड्याच्या दोन खोल्यांत जाणार.

"आई, तिकडे तू राहणार की पुस्तकं?" मंदार विचारतो. लेक तुमचाच, पण नजर बिल्डरची!

पण खरंच, किती पुस्तकं हो ही! फोर्टच्या फुटपाथवरून, कुणा निवृत्त डॉक्टरांच्या घरून, पोत्यात घालून आणायचात. बासुंदीचं पातेलं काढायला माळ्यावर हात घालावा, तर हाती मेंदूचे विकार यायचे. वर तुमचं ठरलेलं उत्तर, "अगं, ही आवृत्ती आता मिळत नाही." मिळत नाही म्हणून माझ्या माळ्यावर?

आणि ती पत्रं! चिरनेरहून, उरणहून कुणी अवघड दुखणं घेऊन आलं की तुम्ही मुंबईच्या तज्ज्ञांना चार चार पानं लिहायचात. मोबाइल आला तरी पत्रच. उत्तर आलं की ते पुस्तकात, त्या आजाराच्या पानात घालून ठेवायचं. पुढे मुंबईचे मोठमोठे डॉक्टर तुमचं मत मागायला लागले, तीही पत्रं तिथेच. फायली करा, असं सांगून मी थकले. पुस्तकं पार फुगून गेली होती.

करंजा गावची भानूबाई आठवते? मुंबईला दाखवून आली आणि म्हणाली, "मोठा डाक्टर लय बोलला, मना काय समजला नाय. तुमी सांगा." तुम्ही आलेलं पत्र तिच्यापुढे उघडून ओळ न् ओळ समजावलीत. बाहेर पेशंट ताटकळले होते आणि वर मी जेवायची थांबले होते.

कॉलेजच्या ग्रंथपालबाईंनी बजावलं, "काकू, आतले कागद तेवढे काढून द्या." मी मुकाट्यानं एक कपाट रिकामं केलं, पत्रांचा ढीग लावला. मग लक्षात आलं, कुठलं पत्र कुठल्या पानातलं, हे आता कुणालाच कळणार नाही. जीव चरकला हो! पण नीट बघितलं तर जिथे पत्र होतं तिथे पानावर तांबूस चौकोन उमटलेला. मग एकेक पत्र त्या डागांवर ठेवून बघत बसले. बहुतेक बसली आपापल्या जागी.

तेव्हाच ठरवलं. ज्यांत पत्रं आहेत ती पुस्तकं माझ्याबरोबर येणार, बाकीची कॉलेजला. पत्रं पानांपासून तोडायची नाहीत, आणि लोकांची दुखणी तरी अशी परक्याच्या हाती द्यायची का? मंदार म्हणाला, "मग कॉटला जागा नाही उरत, आई." नसू दे!

आज शेवटच्या फळीवर स्वादुपिंडाचं पुस्तक निघालं. तुम्हाला घेऊन गेला तो आजार स्वादुपिंडाचाच. पान न् पान उलटलं. एक पत्र नाही, एक डाग नाही.

का हो? वजन उतरत होतं, ताटातलं तसंच राहत होतं. "अहो, कुणाला तरी लिहा ना," म्हणून मी मागे लागले होते. "ॲसिडिटी आहे गं," म्हणून हसलात. भानूबाईसाठी चार पानं आणि स्वतःसाठी दोन ओळी नाहीत? माझा राग आहे तुमच्यावर. आणि तरी जिन्यात कुणी तुमच्यासारखं खोकलं की मी दाराशी जाते. फार आठवण येते हो.

माझ्याच नियमानं हे पुस्तक उद्या टेम्पोत जायला हवं. नाही जाणार. हे पत्र मी तुमच्या आजाराच्या पानात ठेवतेय. आता त्यातही पत्र आहे, म्हणजे ते माझ्याबरोबर येणार. मी असेपर्यंत ते कुणाला देणार नाही, हा माझा शब्द.

तुमचीच,
कुमुद