भुऱ्याचा मऊ भात

उज्ज्वला,

हे पत्र टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो. भुऱ्या आजारी पडला तो माझ्यामुळं.

तुझ्या लग्नाला मी आलो नाही, तर तुझ्या आईनं भजी-बुंदीचं ताट वाढून घरी पाठवलं. माझं डोकं फिरलं. ताट भुऱ्यापुढं आपटलं अन् म्हटलं, "खाय, तुझ्या मालकिणीच्या लग्नाचं!" म्हातारं कुत्रं, नाजूक पोट. तेलाचं देऊ नको, हे बजावूनच तू त्याले माझ्यापाशी सोडलं होतं. त्यानं शेपूट हलवत ताट चाटून पुसलं.

मानोऱ्याचे गुरांचे डॉक्टर म्हणाले, "फक्त बिनमिठाचा मऊ भात अन् भोपळा." तीन दिवस मळ्यातला भोपळा शिजवून, कुस्करून भरवतो, पण तो तोंड फिरवतो. आई म्हणते, "कॉलेज सोडलं अर्ध्यात, आता कुत्र्याची दाई झाला काय?"

आज शेवटी तुझ्यासारखं म्हणून पाह्यलं, "भुरूशेठ, जेवाले बसा जी." त्यानं कान टवकारले, दाराकडं पाह्यलं. दारात कोणीच नव्हतं. मग त्यानं माझ्या हातातला भात मुकाट्यानं खाल्ला.

मी मात्र अजून दाराकडंच पाहून राह्यलो.

भुऱ्यापाशी बसलेला,
दिनेश