"काय?" नाही, "आले"

प्रिय बाबांस,

धाकटीचा प्रभूमध्ये सलाम. मी खुशाल आहे. खोकला होता, तो आता फक्त सकाळी येतो. तुमचा गुडघा जिना चढू देतो का?

इथे वृद्धाश्रमात कामाला लागल्यावर मला खिडकीकडच्या चार खाटा सांभाळायला दिल्यात. त्यातल्या एका खाटेवरच्या निवृत्त शिक्षिका दिवसभर बेल वाजवतात. उशी सरळ कर, पडदा ओढ, आता उघड. काल दुपारी सातव्यांदा बेल वाजली आणि "काय?" अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात तुमची शिस्त आठवली. हाक आली की "काय?" विचारायचं नाही, "आले" म्हणून उठायचं, देवाच्या हाकेलाही तसंच. त्यावर दादा चिडवायचा, "आलं नको, चहा झालाय."

मी "आले" म्हणत गेले. बाई म्हणाल्या, "काही नकोय गं. कोणी येतं का, तेवढंच बघत होते."

मी त्यांचा हात धरून बसले. बाबा, आई गेल्यापासून माझी प्रार्थना म्हणजे नुसतं "हे काय केलंस?" होतं. काल तिथेच बसून मी देवालाही पहिल्यांदा "आले" म्हटलं. मग मन तसंच भरून शांत झालं, जसं लहानपणी उपासनेत तुमच्या दंडाला टेकून बसल्यावर व्हायचं.

वहिनीने कळवलंय, तुम्ही अजून चुकून मलाच हाक मारता आणि मग ओशाळता. ओशाळू नका, मारत जा. इथे कोणीही बोलावलं तरी मी आधी तुम्हालाच ओ देते.

तुमच्या हाकेतली,
धाकटी