पंधरा खडे

३ मार्च
आज माझी पाळी. एकशे अठरा पायऱ्या. गुडघे बोलायला लागलेत. हँडलचे दीडशे फेरे दिले की वजन वर जातं आणि मनोऱ्यावरचं घड्याळ चार दिवस चालतं. मग पुढची पाळी दादाची. फेरे मी बाबांच्या पद्धतीने मोजतो: डब्यात पंधरा खडे, दहा फेरे झाले की एक खडा खिडकीत. खडे संपले, काम संपलं. डोक्याला ताप नाही! दादा तोंडाने मोजतो. पहिल्यापासून शहाणा.

चढताना डबा हातातून सटकला. पायऱ्यांवर रांगत खडे गोळा केले. कमरेचा काटा ढिला झाला.

७ मार्च
दादाची पाळी. पहाटेच चढला म्हणे, दूधवाला सांगत होता. त्याच्या खिडकीतून तबकडी दिसते, झोपेतही बघत असेल.

आम्ही बोलत नाही. आठ वर्षं झाली. बाबांनी शंभर वर्षांचं घड्याळ दोघांच्या हवाली केलं आणि ते गेल्यावर आम्ही भांडलो त्यांच्या मनगटी घड्याळावरून. ते आता वहिनीच्या कपाटात बंद पडून आहे.

११ मार्च
माझी पाळी झाली. खाली नगरपालिकेच्या साहेबांनी बोलावलं. "एका घड्याळाला दोन माणसं कशाला? एप्रिलपासून एकच ठेवणार." कोण, ते सांगितलं नाही.

बत्तीस वर्षं हेच करतोय. मला दुसरं काही येत नाही. दादालाही येत नाही म्हणा.

१२ मार्च
संध्याकाळी समोरच्या दुकानात चहा घेत होतो. वर पाहिलं — मनोऱ्याच्या खिडकीत दादा! काल माझी पाळी झालेली, आज त्याचं तिथे काय काम? थोड्या वेळाने उतरला, शर्ट घामाने चिंब. काहीतरी ढिलं करून ठेवलं असणार. घड्याळ माझ्या हातून बंद पडलं की त्याची आयतीच सोय.

१४ मार्च
वहिनी भाजी घेताना भेटली. "भावजी, हे म्हणत होते, एकदा तुमचा डबा बघा."

आठ वर्षांनी निरोप आला, तोही शिकवणीचा! म्हटलं, "त्याला म्हणावं, आधी स्वतःच्या पायाखाली काय जळतंय ते बघ." ती पिशवी उचलून निघून गेली.

२० मार्च
काल माझी पाळी. आज पुन्हा दादा वर.

२१ मार्च
साहेबांकडे लेखी तक्रार दिली. माझी पाळी झाली की हा चोरून चढतो, यंत्राशी खेळतो. खाली ठसठशीत सही केली. नोंद म्हणून लिहितो.

२४ मार्च
दादाकडून मनोऱ्याची किल्ली काढून घेतली. कालची त्याची पाळी शेवटची ठरली. साहेबांनी कारण सांगितलं, तरी त्याने तोंडातून ब्र काढला नाही, असं शिपाई म्हणाला. फक्त विचारलं, "आता तोच एकटा चढणार का?" शिपाई हो म्हणाला. त्यावर दादा म्हणाला, "बरं. जिना सांभाळून चढ म्हणावं."

साखरपेरणी! उशीर झाला आता.

२७ मार्च
माझी पाळी. आता सगळ्याच माझ्या. खडे संपेपर्यंत फिरवलं. दादाचा टॉवेल अजून खिळ्याला आहे. काढणार होतो, राहिलं.

३० मार्च
घड्याळ बंद. चारही तबकड्यांवर पावणेचार. माझ्या आठवणीत असं कधी झालेलं नाही. रस्त्यात एका बाईने विचारलं, "काका, किती वाजले हो?"

धावत वर गेलो. यंत्र ठणठणीत, एक स्क्रू हललेला नाही. वजन मात्र तळाला टेकलेलं.

३० मार्च, संध्याकाळी
डबा उपडा केला. खडे मोजले. पुन्हा मोजले.

बारा.

दर पाळीला मी तीस फेरे कमी देत होतो. ते माझ्यामागून दादा देत होता. आणि साहेबांसमोर अवाक्षर काढलं नाही, कारण काढलं असतं तर मी गेलो असतो.

दादाच्या घराला चारच पायऱ्या आहेत. अजून माझ्याने चढवल्या नाहीत.